पुरंदरच्या युद्धकालीन छावणीचे फोटो येत्या पावसाआधी काढा : भोर-वेल्हेकरांना आवाहन

भोर आणि वेल्ह्यातल्या सगळ्यांना, आणि दर शनिवार-रविवारी पाठीला सॅक लावून, गळ्यात कॅमेरा अडकवून आमच्या तालुक्यांत येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनाही ही कळकळीची विनंती आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने पुरंदर किल्ल्यावर शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना, बायकामुलांसकट, स्थानबद्ध करून ठेवलं होतं. त्या काळातल्या ज्या खुणा गडावर अजून तग धरून आहेत, त्यांचे नीट, जागेच्या आणि तारखेच्या नोंदीसह फोटो येत्या मृगाच्या आत निघाले पाहिजेत. त्या दिवसांतला एखादा जुना फोटो, पत्र, भांडं किंवा नुसती ऐकीव आठवण कुणाच्या घरात असेल, तर तीही आत्ताच टिपून ठेवली पाहिजे.

पुरंदर पडतो सासवडकडच्या तालुक्यात, मग भोर-वेल्ह्याच्या लोकांना का सांगता, असं कुणी विचारेल. कापूरहोळला महामार्ग सोडला की नारायणपूरचा रस्ता थेट गडाच्या पायथ्याशी नेतो. भोर भागातल्या कितीतरी गावांतून हा डोंगर रोज नजरेला पडतो. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात आपला राजगड आहे, पुरंदर नाही. तेव्हापासून राजगड-तोरण्याकडे कॅमेऱ्यांची रीघ लागली आहे. वेल्ह्याच्या, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणतात त्याच्या, पायवाटांवर एका रविवारी जेवढे चांगले कॅमेरे असतात, त्यातले मोजके जरी दोन दिवस पुरंदरकडे वळले तरी हे काम पुरं होईल. हौस आहे, साधनं आहेत, गड चढायची सवय आहे. फक्त काय टिपायचं हे ठाऊक हवं, आणि म्हणूनच थोडा इतिहास सांगतो.

3 सप्टेंबर 1939 ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या पुढाऱ्यांना न विचारता भारतही युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. लगोलग भारतातल्या जर्मन पुरुषांची धरपकड झाली. पासपोर्ट जर्मन, एवढंच बघितलं गेलं. त्यात कंपन्यांचे नोकर होते, इंजिनियर होते, मिशनरी होते, हिटलरच्या पक्षाचे उघड सभासद होते, आणि त्याच हिटलरच्या छळाला कंटाळून जीव वाचवायला मुंबई गाठलेले ज्यू डॉक्टर आणि व्यापारीही होते. बहुतेकांना अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नेलं. तिथे नाझी आणि नाझींपासून पळालेले एकाच कुंपणाआड आले. पुढे माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने एकेकाची चौकशी केली आणि अनेकांना सोडलं. पण 1940 च्या उन्हाळ्यात हिटलरच्या फौजा हॉलंड, बेल्जियम, फ्रान्समध्ये घुसल्या तशी इथल्या सरकारला पुन्हा धास्ती वाटू लागली आणि दुसऱ्यांदा धरपकड झाली. तेव्हा ज्यांना पक्क्या कैदखान्यात घालण्याइतकं धोक्याचं मानलं नाही त्यांच्यासाठी, आणि कुटुंबांसाठी, पॅरोलच्या वसाहती केल्या. आपल्या भागात साताऱ्याला एक होती, पुरंदरावर एक होती. ठरलेली हद्द ओलांडायची नाही या बोलीवर माणसं तिथे राहत. पोरंबाळंही त्यांच्याबरोबर होती.

पुरंदरच का, हे गड पाहिलेल्याला सांगायला नको. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यावर त्यांनी तिथे आजारी गोऱ्या सोल्जरांसाठी आरोग्यधाम केलं. बालेकिल्ल्याची उंची साडेचार हजार फुटांच्या आसपास, हवा थंड, माचीवर बंगले आणि बराकी तयार, चर्च तयार, आणि वर यायला मोजक्याच वाटा. माणसं डांबायला वेगळं काही बांधायची गरजच नव्हती.

तिथे ठेवलेल्यांपैकी एक नाव आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवावं असं आहे. डॉ. हर्मान गोएट्झ. भारतीय कलेचे मोठे जर्मन अभ्यासक. बडोद्याच्या संग्रहालयाशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. ज्या गडावर आपल्याला कोंडून घातलं, त्याच गडाची देवळं, दरवाजे, तटबंदी या माणसाने बारकाईने पाहिली आणि त्यावर लिहिलं. तो अभ्यास पुढे प्रसिद्धही झाला. स्थानबद्धतेत बसलेला परका माणूस आपल्या केदारेश्वराकडे, बिनी दरवाज्याकडे अभ्यासकाच्या नजरेने बघतो, आणि ज्या वस्तीत तो राहिला तिचा साधा फोटो-नकाशाही आपण करून ठेवू नये, हे मला फार लागतं.

आता शेजारीच बघा. याच पुणे जिल्ह्यात, त्याच वर्षांत, आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी स्थानबद्ध होते. ऑगस्ट 1942 ते मे 1944. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा तिथेच गेले. ती वास्तू जपली गेली, समाध्या जपल्या, शाळेच्या सहली जातात, हजारो फोटो निघतात. अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरू, आझाद, पटेल होते, ती जागाही लोकांना माहीत आहे. ते योग्यच आहे. अहमदनगरच्या जर्मन छावणीची आठवणही थोडीफार टिकली, कारण त्यात असलेला गिर्यारोहक हाइनरिश हॅरर तिथून देवळालीला आणि मग डेहराडूनला नेला गेला, 1944 मध्ये पळाला, तिबेटात पोचला आणि त्याने पुस्तक लिहिलं. जगभर वाचलं गेलं. पुरंदरच्या नशिबी असं पुस्तक नव्हतं. ज्या जागेचा कुणी हॅरर नसतो, ती जागा फोटोतच टिकते, नाहीतर टिकत नाही.

वळिवड्याचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. ते कैदी नव्हते, आश्रयाला आलेले होते, हा फरक मोठा आहे. पण युद्धाने उखडलेल्या परक्या माणसांची आपल्या मातीतली वस्ती, एवढं दोन्हींत सारखं. फाळणीनंतर तीच जागा सिंधी निर्वासितांना मिळाली, आज तिथे गांधीनगर आहे, घाऊक कापडाची दुकानं आहेत. छावणीच्या बराकी जवळजवळ सगळ्या गेल्या. तरीही वळिवडे जिवंत राहिलं ते त्या पोलिश मुलामुलींनी जपलेल्या अल्बमांमुळे. शाळेचा वर्ग, गर्ल गाइडचा गणवेश, बराकीपुढची बाग, सगळं फोटोत होतं. त्या आधारावर पुढे पुस्तक झालं, कोल्हापुरात स्मारक झालं, म्हातारपणी ती मंडळी आपली जागा शोधत परत येऊ शकली. पुरंदरावर लहानपण गेलेल्या कुणाचा नातू उद्या आपल्या कापूरहोळ फाट्यावर उतरून "माझी आजी इथे कुठे राहत होती?" असं विचारू लागला, तर त्याला दाखवायला आपल्याजवळ काय आहे?

फोटोची ताकद अमेरिकेने अशाच एका छावणीत पाहिली. 1942 मध्ये तिथल्या सरकारने आपल्याच देशातल्या सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडायला लावून छावण्यांत कोंडलं. त्याची नोंद ठेवायला सरकारनेच डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंना नेमलं, आणि त्यांनी जे टिपलं ते इतकं खरं होतं की लष्कराने युद्ध संपेपर्यंत त्यातले बरेच फोटो दाबून ठेवले. मॅन्झनारच्या छावणीत तोयो मियाताके नावाचा फोटोग्राफर स्वतःच कैदी होता. कॅमेऱ्याला बंदी होती. त्याने एक भिंग लपवून आत नेलं, सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली आणि त्या पेटीच्या कॅमेऱ्याने छावणीतलं रोजचं जगणं टिपलं. बराकी पुढे उतरवल्या गेल्या, फोटो राहिले. 1992 मध्ये मॅन्झनार राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं, तेव्हा उजाड माळावर काय कुठे होतं हे कळायला हेच फोटो कामी आले. आपल्याला भिंग लपवायची गरज नाही. प्रत्येकाच्या खिशात त्या पेटीपेक्षा कैक पटीने चांगला कॅमेरा आहे.

घाई का, तेही सांगतो. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. चुन्याचा गिलावा एका पावसात फुगतो, दुसऱ्यात सुटतो. कौलं सरकली की वासे कुजतात, वासे गेले की भिंतीच्या माथ्यावर पाणी मुरतं आणि पिंपळ-उंबराची मुळं सांधे फोडतात. अशी भिंत वर्षानुवर्षं उभी दिसते आणि एका रात्रीत बसते. माणसांचं तर त्याहून अवघड आहे. 1942 मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला. गडाखालच्या वाड्यांमध्ये, कापूरहोळ, किकवी, भोंगवली, नसरापूरच्या बाजूला असे आजी-आजोबा आता किती उरले असतील? त्यांच्या घरातलं कुणी दूध, सरपण, भाजी घेऊन वर गेलं असेल, कुणी साहेबांच्या बंगल्यावर कामाला असेल, कुणी गोऱ्या पोरांना गडावर खेळताना पाहिलं असेल. विचारलं तरच कळेल. आणि विचारायचं तर या उन्हाळ्यातच.

आता काम कसं करायचं ते.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: पुरंदर लष्कराच्या ताब्यात आहे. प्रवेशद्वारावर ओळखपत्र दाखवून, नोंद करूनच वर जायचं आणि संध्याकाळच्या आत खाली यायचं. कुठे कॅमेरा चालेल आणि कुठे नाही हे तिथले जवान सांगतील, ते निमूट ऐकायचं. बंद ठेवलेल्या भागात झाडीतून घुसून फोटो काढणं, ड्रोन उडवणं, जवानांचे किंवा त्यांच्या इमारतींचे फोटो टाकणं यातलं काहीही करू नका. एकाच्या आगाऊपणामुळे सगळ्यांना दार बंद होईल. माझी विनंती अशी की दोन्ही तालुक्यांतल्या शाळा-कॉलेजांचे इतिहासाचे शिक्षक, वाचनालयं आणि गिर्यारोहण करणारी मंडळं यांनी एकत्र येऊन एकच लेखी अर्ज करावा. कोण येणार त्यांची नावं, कोणत्या जुन्या वास्तूंचे फोटो हवेत त्याची यादी, कोणत्या तारखा चालतील, सगळं त्यात स्पष्ट असावं. फोटो आधी लष्कराला दाखवू आणि हरकत असलेले वगळू, हेही आपणहून लिहावं. असा सरळ अर्ज गेला तर तो नाकारायला कारण उरत नाही.

दिवस निवडताना गवताचा विचार करा. पावसाळ्यानंतर माचीवर कमरेएवढं गवत असतं, त्यात पडक्या घरांची जोती दिसत नाहीत. शिमग्यानंतर गवत बसतं आणि चौथरे, पायऱ्या, गटारीच्या दगडी कडा, पाण्याच्या टाक्या उघड्या पडतात. फाल्गुन ते वैशाख हाच खरा मोसम.

वास्तूचा फोटो आणि देखाव्याचा फोटो यांत फरक आहे. ढगांत बुडालेला बालेकिल्ला सुंदर दिसतो, पण आपल्याला बराकीची कंटाळवाणी मागची भिंत हवी आहे. प्रत्येक पडक्या घराच्या चारही बाजू समोरून, सरळ उभं राहून टिपा. मग चारही कोपरे. मग आतून. दार-खिडकी, चौकट, बिजागरी, धुराडं, फरशी. प्रत्येक फोटोत मोजपट्टी किंवा निदान रंगवलेली काठी ठेवा म्हणजे आकार कळेल. सुरुवातीला एक पाटी धरून फोटो काढा, तिच्यावर तारीख, जागा आणि तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा. मोबाइलमधलं लोकेशन चालू ठेवा.

खाली पडलेलं कौल दिसलं तर त्याचा उलटा भागही बघा. मंगळुरी कौलावर बहुतेक वेळा कारखान्याचं नाव आणि गाव उठवलेलं असतं, आणि त्यावरून छप्पर साधारण कुठल्या काळातलं ते जाणकाराला सांगता येतं. विटेवरचा ठसा, लोखंडी तुळईवरची अक्षरं, नळाच्या तोटीवरचं कंपनीचं नाव, सगळ्याचे जवळून फोटो हवेत. फोटो झाला की कौल होतं तिथेच, होतं तसंच ठेवायचं. घरी आणायचं नाही, आठवण म्हणूनही नाही.

भिंतीवर, चर्चच्या दगडावर किंवा चौकटीवर कुणी नाव, आद्याक्षरं, साल कोरलेलं दिसलं तर थांबा. आपल्याकडे शिलालेख वाचायला खडू, पीठ, कधी तेलही चोळतात. कृपा करून तसं करू नका, त्याने कोरीव अक्षरांची कड मरते आणि डाग कायमचा राहतो. त्याऐवजी सकाळचं तिरपं ऊन पडेपर्यंत वाट बघा. ऊन नसेल तर एकाने टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरावी आणि दुसऱ्याने फोटो घ्यावा. समोरून सपाट दिसणारी भिंत अशा उजेडात बोलायला लागते, उथळ ओरखडाही सावली टाकतो. टॉर्च वर, खाली, डावी-उजवीकडे फिरवून तोच फोटो चार वेळा घ्या. हे एवढं जरी नेटाने झालं तरी कुणाचं तरी नाव हाती लागण्याची शक्यता आहे.

काढलेले फोटो एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मूळ फाइल पुसून टाकू नका. तिथे फोटो लहान होतो आणि त्याच्यासोबतची तारीख-जागेची माहिती गळून जाते. मूळ फाइल हार्ड डिस्कवर, तिची प्रत दुसऱ्या घरी, तिसरी प्रत ऑनलाइन.

घरातल्या जुन्या फोटोंबद्दल बायाबापड्यांना हात जोडून सांगणं आहे. ट्रंकेतला, फळीवरचा, देव्हाऱ्यामागचा फोटो कुणाचा ते कळत नाही म्हणून टाकून देऊ नका. आजोबांबरोबर एखादा अनोळखी गोरा माणूस उभा असेल, मागे गडाचा बुरूज असेल, तर तो नुसता घरचा फोटो राहिलेला नाही. अल्बममधून ओरबाडून काढू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ओसरीवर सावलीत सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून मोबाइलने दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. मागची बाजू विसरू नका, स्टुडिओचा शिक्का, तारीख, पेन्सिलीने लिहिलेलं नाव मागेच असतं. मूळ फोटो घरातच राहू दे, कुणालाही देऊ नका, कितीही मोठ्या संस्थेचं नाव सांगितलं तरी. नक्कल दिली की पुरे.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना आधी विचारा, मग मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा. त्यांना घाईत गाठू नका. "तुम्ही जर्मन कैदी बघितलेत का?" असा प्रश्न टाकला तर बहुतेक जण नाही म्हणतील. गडावर काय न्यायचात, किती पैसे मिळायचे, वाटेत कोण अडवायचं, वर बाजार भरायचा का, बायका कशा दिसायच्या, पोरं कुठे खेळायची, असं विचारत गेलात तर गोष्ट आपोआप येईल. आठवण इतिहासाच्या पुस्तकाशी जुळत नसली तरी दुरुस्त करायला जाऊ नका, जशी सांगितली तशी ठेवा. आणि घरच्यांनी "हे बाहेर नको" म्हटलं तर तिथेच थांबा.

एक आक्षेप मला अनेकांच्या तोंडून ऐकू येतो. हा शिवरायांचा गड, इथे संभाजीराजे जन्मले, इथे मुरारबाजी पडले, 1665 चा तह इथला, सवाई माधवरावांचा जन्म इथला. एवढं सगळं असताना इंग्रजांच्या बराकी आणि परक्या कैद्यांचं कौतुक कशाला? या भावनेचा मला आदर आहे, माझीही नाळ त्याच गडाशी आहे. पण कौतुक कुणी करायला सांगत नाही. ज्या सत्तेने गांधीजींना पुण्यात कोंडलं, तिनेच हिटलरच्या भीतीने आपल्या दाराशी आलेल्या माणसांना त्यांचा पासपोर्ट बघून शत्रू ठरवलं आणि आपल्या गडावर ठेवलं. हे नोंदवून ठेवणं म्हणजे त्या सत्तेची आरती नव्हे. उद्या गडाच्या जतनाचं काम निघेल, ते निघायलाच हवं, आणि तेव्हा कोणती भिंत ठेवायची, कोणती उतरवायची हे जाणकार ठरवतील. तोवर तिचा एक धड फोटो तरी असू दे. उतरवलेली भिंत पुन्हा टिपता येत नाही.

भोरचा राजवाडा सिनेमा-मालिकांच्या चित्रीकरणाने साऱ्या महाराष्ट्राला पाठ झाला. बनेश्वर, रायरेश्वर, तोरण्याची झुंजार माची यांचे फोटो शोधायची गरजच पडत नाही. आपल्या भागाला कॅमेऱ्याची कमतरता कधी नव्हती, म्हणून हे मागणं मी हक्काने करतो आहे.

प्रत्येक गावच्या वाचनालयाने, आणि जिथे वाचनालय नाही तिथे शाळेने, एक जाड वही यासाठी काढावी. वहीत चार रकाने: काय मिळालं, कुणाकडे आहे, त्याची नक्कल कुठे ठेवली, नोंद कुणी आणि कधी केली. नववी-दहावीची मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात, त्यांच्यावर सोपवा. उन्हाळ्याच्या सुटीअखेर सगळ्या वह्यांच्या आणि फोटोंच्या प्रती एकत्र करून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला आणि राज्याच्या पुराभिलेख खात्याला नेऊन द्यायच्या. त्यांनी त्या स्वीकाराव्यात अशी त्यांनाही या निमित्ताने विनंती. साताऱ्याच्या आणि अहिल्यानगरच्या मित्रांनीही आपापल्या छावण्यांसाठी हेच करावं, म्हणजे एका ठिकाणचं नाव दुसऱ्या ठिकाणच्या पत्राशी जुळवता येईल.

अर्जाचा मसुदा करायला बसायचं असेल तर येत्या आठवड्यातच बसा. परवानगीला वेळ लागतो आणि मृगाला फारसे दिवस उरलेले नाहीत. तोवर आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, आणि युद्धाच्या वेळी पुरंदरावर कोण राहत होतं, ते विचारा.